जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मुंबईची हवा

हल्लीच्या लेन्स चेहऱ्यावरचं रंध्र न् रंध्र मोजून देतात. घड्याळाच्या जाहिरातीला ते उत्तम. पण साठीतला मूर्तिकार, त्याच्या मागे ओल्या शाडूच्या मूर्तींची रांग आणि छताच्या फटीतून उतरलेला उजेड टिपायचा असेल, तर तो काटेकोरपणा अंगावर येतो. म्हणून १९६० ते १९८०च्या दशकांत फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या लेन्स लोक शोधून काढतात आणि आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याला जोडतात. स्वतःच्या खिशातून शॉर्ट फिल्म करणाऱ्या मुंबईच्या पोरापोरींना हा मार्ग परवडतोही.

मात्र लेन्स लावली की सिनेमा झाला, असं होत नाही. जुन्या लेन्सला खोडी असतात. कडा मऊ पडतात, दिवा समोर आला की चित्र धुरकटतं, फोकस हातानंच करावा लागतो. कुठली खोड कधी मोकळी सोडायची आणि कधी दाबायची, हे ठरवणं हेच खरं काम. ते जमलं नाही तर जुन्या लेन्सचा व्हिडिओ फक्त धूसर दिसतो.

उदाहरणासाठी या लेखात एकच काम धरलं आहे: जुलै-ऑगस्टमध्ये लालबाग-परळच्या एखाद्या मूर्तिशाळेत दोन-तीन मिनिटांची फिल्म करायची. मुंबईतल्या शूटच्या बहुतेक अडचणी तिथं एका छपराखाली भेटतात. ट्यूबलाइट, निळी ताडपत्री, धूळ, पाऊस, अरुंद जागा, आणि आपल्यासाठी थांबायला कुणालाही नसलेला वेळ.

पहिली लेन्स कोणती

एकच घ्या. ५० ते ५८ मिमीच्या मधली, एफ/२च्या आसपासची. मिमीचा आकडा जितका मोठा तितका कोन अरुंद; एफचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, मोठं. जुन्या एसएलआर (आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांबरोबर हीच लेन्स यायची, त्यामुळे ती भरपूर बनली आणि आजही सहज सापडते.

सगळ्यात गाजलेली म्हणजे हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२. सोव्हिएत संघात झेनिट कॅमेऱ्यांसाठी बनलेली ही लेन्स झाइसच्या महायुद्धापूर्वीच्या बायोटार रचनेवर बेतलेली आहे. मागची पानं किंवा दिवे गोल गिरकी घेतल्यासारखे दिसतात ते हिच्यात. त्याचं मुख्य कारण असं, की तिरपा येणारा प्रकाश लेन्सच्या नळीतच थोडा कापला जातो. मधोमध दिव्याचा ठिपका गोल राहतो, कडेला तो बदामाच्या आकाराचा होतो, आणि हे बदाम मध्याभोवती ओळीनं मांडले गेले की फिरल्याचा भास होतो. व्हिडिओसाठी हिचा आणखी एक मोठा फायदा आहे, त्याबद्दल लोक कमी बोलतात. हिची ॲपर्चर रिंग टकटक न करता सरळ फिरते. शॉट चालू असताना उजेड कमीजास्त करता येतो आणि आवाजात ‘टक’ येत नाही.

निकॉनच्या एआय किंवा एआय-एस पिढीतल्या निक्कोर लेन्स दिखाऊ नाहीत, पण भरवशाच्या आहेत. ५० मिमी एफ/१.८, २८ मिमी एफ/२.८, १०५ मिमी एफ/२.५ अशा कितीतरी लेन्सच्या फिल्टर बसवायच्या पुढच्या आट्या ५२ मिमीच्याच आहेत, म्हणजे फिल्टरचा संसार एकदाच मांडायचा. रंगही एकमेकींशी बऱ्यापैकी जुळतात. अडचण एक: यांची फोकस रिंग सिने लेन्सच्या उलट दिशेला फिरते. फोकस पुलर (शॉटमध्ये फोकस फिरवणारा सहायक) भाड्यानं आणणार असाल तर त्याला हे आधी सांगा. ऐन शॉटमध्ये कळलं तर तो तुमच्याकडे बघेल त्या नजरेला उत्तर नसतं.

पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४च्या अनेक प्रतींमध्ये थोरियम मिसळलेली काच आहे. वर्षानुवर्षांनी ती पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. किरणोत्सर्ग किरकोळ असतो, लेन्स वापरायला हरकत नाही, पण ती काच घासायची किंवा फोडायची नाही. कॅनन एफडी लेन्स सुंदर आहेत, तरी जुन्या कॅनन डीएसएलआरवाल्यांनी त्यांच्या मागे लागू नये. कारण पुढे अडॅप्टरच्या भागात येईल.

मला विचाराल तर माणसांची, कामाची, बोलणाऱ्या चेहऱ्यांची फिल्म करायची असेल तर पहिली लेन्स निक्कोर ५० घ्यावी, आणि गाणं किंवा आठवणींचा तुकडा करायचा असेल तर हेलिओस. हेलिओसची गिरकी पहिल्या दोन शॉटमध्ये मोहात पाडते. दहाव्या शॉटला प्रेक्षक माणसाकडे न बघता पानांकडे बघू लागतो.

कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर एक हिशेब करून ठेवा. एपीएस-सी या लहान सेन्सरवर ५८ मिमीची लेन्स फुल फ्रेमच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, ८७ मिमीइतका अरुंद कोन देते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते, आणि गिरकी कडेला असते म्हणून तीच नेमकी कापली जाते. अशा कॅमेऱ्यावर २८ किंवा ३५ मिमीपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

विकत घेताना टॉर्च सोबत न्या

फोर्टात सीएसएमटीच्या आसपासच्या कॅमेरा दुकानांत सेकंडहँड माल असतो. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या कॅमेऱ्यांच्या ढिगात कधी चांगली लेन्स हाती लागते; शुक्रवारी ती दुकानं बंद असतात, तेवढं लक्षात ठेवून जा. पण त्याआधी घरातली कपाटं उघडा. काकांचा जुना एसएलआर माळ्यावर असेल, तर त्याच्या तोंडावर बसलेली लेन्स फुकटच आहे.

लेन्स हातात आली की ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरपं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. काचेवर एकसारखं दुधी पटल दिसलं तर आतल्या वंगणाची वाफ बसली आहे; हे बहुधा साफ होतं. कडेला इंद्रधनुष्यी डाग किंवा बुडबुड्यासारखी कड दिसली तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत. ती लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी ठेवून द्या. धुळीचे चार कण मात्र सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांचं चित्रात काही उमटत नाही.

पुढच्या काचेवरचा बारीक चरा चालतो. मागच्या काचेवरचा चालत नाही, तो चित्रात लवकर दिसतो. मग ॲपर्चर बंद-उघड करून पाती पाहा, त्यांच्यावर तेल आलेलं नको. शेवटी फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. फोटोवाल्याला थोडी जड रिंग खपते, व्हिडिओवाल्याला नाही, कारण शॉट चालू असताना ती अडकली की कॅमेराच हलतो. वंगण वाळलं असेल तर दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेता येतं. त्याचे पैसे भाव करतानाच धरा.

क्रासनोगोर्स्कच्या कारखान्यातल्या हेलिओसवर अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात. ७८ने सुरू होत असेल तर १९७८ची. जुनी म्हणजे चांगली असं काही नाही. एकाच साली बनलेल्या दोन लेन्समध्येही फरक पडतो, म्हणून स्वतःचा कॅमेरा आणि अडॅप्टर नेऊन दुकानातच दोन शॉट घ्या. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

अडॅप्टर

लेन्स जिथे बसते त्या माउंटपासून सेन्सरपर्यंत प्रत्येक पद्धतीत ठरलेलं अंतर असतं. एम४२ या आटेवाल्या माउंटचं (हेलिओस बहुधा यातलीच) ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५, कॅनन एफडीचं ४२. आजच्या मिररलेसमध्ये हेच अंतर फार कमी असतं: सोनी ई १८ मिमी, कॅनन आरएफ आणि एल माउंट २०, निकॉन झेड १६. मधली रिकामी जागा अडॅप्टर भरून काढतो. एम४२ची लेन्स सोनीवर लावायची तर अडॅप्टर २७.४६ मिमी लांब हवा. आत काच नसते, नुसती धातूची नळी.

कॅननच्या ईएफ डीएसएलआरमध्ये हे अंतर ४४ मिमी आहे, म्हणजे एफडीपेक्षा जास्त. नळी घालायला जागाच उरत नाही, आणि काच असलेला अडॅप्टर लावला तर चित्राचा दर्जा उतरतो. निकॉन डीएसएलआरवर एम४२ लेन्स लावताना हीच फजिती होते, लांबचं काही फोकस होत नाही.

स्वस्त अडॅप्टर चालतो, पण तो हलत असेल तर नाही. लेन्स हातानं डावी-उजवीकडे फिरवून पाहा. खटखट झाली तर फोकस ओढताना प्रत्येक वेळी चित्र उडी मारेल. मग गच्चीवर जाऊन दूरच्या टॉवरवर फोकस करा. बरेच अडॅप्टर किंचित आखूड असतात, त्यामुळे लेन्स अनंताच्या (∞) खुणेच्या थोडं आधीच दूरचं टिपते. त्यात नुकसान नाही. फक्त लेन्सवर कोरलेल्या मीटरच्या आकड्यांवर विसंबू नका. फोकसच्या खुणा आपल्याच टेपनं करायच्या.

कॅमेऱ्यात तीन गोष्टी लगेच बदला. लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याचा पर्याय सुरू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) हातानं भरा, कारण जुनी लेन्स कॅमेऱ्याला काहीच सांगत नाही. ५८ऐवजी मेन्यूत २४ राहिले तर कंप पुरता आवरला जात नाही आणि ५८ऐवजी २०० राहिले तर चित्र उलट डोलायला लागतं. आणि फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, लाल रंगावर ठेवा. मूर्तिशाळेत पांढऱ्या मूर्तींवर पांढरं पीकिंग दिसणार तरी कसं?

२५ फ्रेम, १/५०, आणि का

इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत २४ फ्रेमचा आग्रह असतो, स्लो मोशनसाठी ६०चा. ते व्हिडिओ बहुतांशी अमेरिकेतले, तिथली वीज ६० हर्ट्झची. आपली ५० हर्ट्झची. इथले ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, आणि शटर त्या लयीशी जुळलं नाही तर चित्रात पट्टे सरकतात. म्हणून साधा नियम: सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे १/५०, ५० फ्रेमला १/१००. २४ फ्रेमवर शूट करायचंच असेल तरी शटर १/५०च ठेवा. काही एलईडी पट्ट्यांची लय वेगळीच असते. शूटच्या आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर पाहा, पट्टे दिसले तर तो दिवा बंद करायला सांगा किंवा फ्रेमबाहेर ठेवा.

शटर ठरलं की उजेड आवरायला ॲपर्चर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) उरतात. नवशिके इथंच घसरतात. दुपारी उघड्यावर चित्र जळतं, मग ते शटर १/१००० करतात आणि चालणारी माणसं झटके देत चालतात. हिशेब अवघड नाही. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० धरलं तर ॲपर्चर एफ/२२च्या आसपास येतं. आपल्याला हवं एफ/२.८. मधे सहा स्टॉप आहेत (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे उजेड चौसष्टाव्या हिश्श्यावर आणणारा एनडी ६४ लागेल. लॉग प्रोफाइलचा (नंतर रंग ताणता यावेत म्हणून सपाट चित्र रेकॉर्ड करणाऱ्या सेटिंगचा) किमान आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी ५००च्या घरात. दुसरी लेन्स घेण्याआधी हा फिल्टर घ्या. तो ७७ मिमीचा घ्या, आणि ४९, ५२ वगैरे आट्यांसाठी त्यावर मोठा फिल्टर बसवणाऱ्या स्वस्त स्टेप-अप रिंगा. व्हेरिएबल (फिरवून कमीजास्त होणारा) एनडी सोयीचा आहे, पण शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते.

मूर्तिशाळेत शिरल्यावर

कॅमेरा बाहेर काढण्याआधी मालकाशी आणि कारागिरांशी बोला. कुठल्या मूर्तीचं काम आज संपवायचं आहे, आखणी (मूर्तीचे डोळे रेखाटणं) कधी होणार, रंगाचा स्प्रे कुठे चालू आहे, हे विचारून घ्या. ज्या मंडळाची मूर्ती आहे त्यांना ती आधी बाहेर यायला नको असते, हेही लक्षात ठेवा.

मग रंग. छतावर निळी ताडपत्री असेल तर दिवसा सगळं निळसर होतं, त्यात ट्यूबलाइटचा हिरवट पांढरा आणि एखादा पिवळा बल्ब मिसळतो. पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स यात वेडा होतो, कारागीर दोन पावलं सरकला की रंग बदलतो. कारागीर जिथे बसतो तिथेच ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरा, व्हाइट बॅलन्स मारा आणि तिथंच कुलूप लावा. लेन्स बदलली की पुन्हा मारा, कारण प्रत्येक जुन्या लेन्सचा स्वतःचा रंग असतो. जमलं तर फ्रेममधली ट्यूबलाइट बंद करायला सांगा आणि दाराकडून येणाऱ्या उजेडावर काम करा. एका बाजूनं आलेला उजेड आणि दुसरी बाजू अंधारी, एवढ्यावर चेहरा उभा राहतो. अंधारी बाजू फारच काळी पडली तर थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. मूर्तिशाळेत पांढऱ्या पृष्ठभागांची वानवा नसते. न रंगवलेली मूर्तीही उजेड परतवायचं काम करते.

पहिला शॉट: कारागीर दीड मीटरवर, त्याच्या मागे चार-पाच मीटरवर मूर्तींची रांग. हेलिओसवर ॲपर्चर एफ/२ न ठेवता एफ/२.८ करा. फुल फ्रेमवर या अंतराला एफ/२ला जेमतेम आठ सेंटिमीटर खोली फोकसमध्ये असते, एफ/२.८ला सुमारे अकरा. नाकापासून कानापर्यंत चेहरा बसायला हे तीन सेंटिमीटर फार कामाचे. शिवाय बहुतेक जुन्या लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या की सगळ्या चित्रावर धुकं धरतात आणि एक स्टॉप बंद केलं की जाग्या होतात. मऊपणा तरीही राहतो. पूर्ण उघडं ॲपर्चर मी अंधार पडल्यावर किंवा मुद्दाम स्वप्नवत तुकड्यासाठीच वापरतो.

चेहरा फ्रेमच्या मधल्या भागात किंवा फार तर एक तृतीयांशावर ठेवा. अगदी कडेला बसवलेला माणूस जुन्या लेन्सवर पुसट होतो. कडेला काय ठेवायचं? जवळचं काहीतरी: बांबूचा खांब, एखाद्या मूर्तीचा खांदा, लोंबणारी गोणपाटं. तसंही ते फोकसबाहेर असणार, लेन्सचा मऊपणा तिथं कामाला येतो आणि चित्राला खोली मिळते.

आता फोकस. जुन्या लेन्सची रिंग लांब फिरते, हे वरदान आहे. आधुनिक फोटो लेन्सवर बोटभर हालचालीत जो फोकस सरकतो तो इथं सावकाश, नेमका नेता येतो. टेपनं सेन्सरपासून माणसापर्यंत अंतर मोजा, रिंगवर पांढरी कागदी टेप चिकटवून पेन्सिलनं खुणा करा: बसलेला असताना इथं, पुढे वाकला की इथं. एकटे असाल तर स्वतः न हलता माणसाला खुणेवर येऊ द्या. फोकस चुकला तर घाईनं पुढेमागे शोधत बसू नका, ती चाचपड प्रेक्षकाला लगेच कळते. हळू परत या, किंवा तो टेक सोडा. फॉलो फोकस (फोकस रिंग गिअरनं फिरवायचं चाक) लावायचा असेल तर लेन्सवर ०.८ मॉड्यूलची गिअर रिंग बसवून घ्या.

आखणीचा शॉट या फिल्मचा प्राण आहे. मूर्तीचे डोळे रेखाटताना कारागीर श्वास धरून बसतो, ब्रश केसाएवढा. हेलिओसचं सगळ्यात जवळचं फोकस अर्ध्या मीटरवर आहे, आणि तिथं एफ/२ला फोकसची खोली उरते फक्त आठ मिलिमीटरच्या आसपास. ब्रशचं टोक फोकसमध्ये आलं तर बुबुळ जातं. एफ/५.६वर या, बावीस मिलिमीटर मिळतील. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा, पण ॲपर्चर उघडू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि लेन्सचं तोंड मूर्तीच्या चेहऱ्याला शक्य तितकं समांतर. आणखी जवळ जायचं तर एम४२ची एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स सेन्सरपासून लांब नेणारी नळी) लावा. ती स्वस्त असते, आत काच नसते. आखणी एकदाच होते. रीटेक मागता येत नाही, म्हणून दोन मूर्तींची आखणी असेल तर पहिली फक्त पाहा आणि हाताची हालचाल समजून घ्या, दुसरी टिपा.

फ्लेअरबद्दल, म्हणजे समोरच्या दिव्यानं चित्रावर पसरणाऱ्या उजेडाबद्दल, थोडं जास्त बोलायला हवं, कारण जुनी लेन्स घेणारे निम्मे लोक त्यासाठीच घेतात. बऱ्याच जुन्या काचांवर एकाच थराचं कोटिंग असायचं. समोरून उजेड आला की तो आत इकडून तिकडे उड्या मारतो, आणि काळा भाग राखाडी होतो. फ्रेमच्या अगदी बाहेर, वरच्या कोपऱ्याला पिवळा बल्ब टांगा आणि कॅमेरा बोटभर वर-खाली करून पाहा. एका कोनात चित्र पूर्ण धुवून निघेल, पुढच्याच कोनात सोनेरी कड तेवढी उरेल. तो कोन सापडला की ट्रायपॉड घट्ट करा. कारागीर उठून दिव्यासमोरून गेला की फ्लेअर विझतो, परत बसला की उमलतो. असा फ्लेअर एडिटमध्ये घालता येत नाही. बाकीच्या सगळ्या शॉटना मात्र हूड लावा. हूड नसेल तर काळा पुठ्ठा किंवा सेटवर उजेड अडवायचा कटर लेन्सच्या वर धरा. दाराच्या बाहेरचं पांढरं आभाळ फ्रेममध्ये नसलं तरी लेन्सवर पडत असतं, आणि दिवसभराचं फुटेज फिकट का आलं ते घरी गेल्यावर कळतं.

हालचाल कमीत कमी. या लेन्स धातूच्या, जड असतात. गळ्यातला पट्टा ताणून, कोपर बरगडीला टेकवून धरलेला कॅमेरा बऱ्यापैकी स्थिर राहतो. गिंबलवर (कंप झेलणाऱ्या दांड्यावर) फिरत राहिलात तर हातानं फोकस करायला हात कुठे उरतो?

दाराबाहेर

मुंबईत संधिप्रकाश लांबत नाही. सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत आभाळाचा निळा काळा होतो, तेव्हा त्या वेळचे शॉट आधीच क्रमानं लिहून ठेवा. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीच्या दिवसांत दुपारचं ऊन थेट डोक्यावरून येतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्या वेळी चाळीच्या गॅलरीत शिरा. तिथं समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड मिळतो आणि कठड्यांच्या रेषा फुकटात.

मरीन ड्राइव्हवर चर्चगेटच्या बाजूनं पाहिलं तर हिवाळ्यात सूर्य उघड्या समुद्रात बुडतो, जूनच्या सुमाराला तो मलबार हिलच्या मागे जातो. पाण्यातली सोनेरी पट्टी हवी असेल तर तारीख बघून जा. गिरकी हवी असेल तर माटुंग्याची पाच उद्यानं: माणूस दीड-दोन मीटरवर, मागे आठ-दहा मीटरवर पानांमधून झिरपणारं आभाळ. पान आणि आभाळ यांचा विरोध नसेल तर हेलिओससुद्धा काही फिरवत नाही.

परवानगीचं थोडक्यात. रेल्वे स्थानकावर शूट करायला रेल्वेची वेगळी परवानगी लागते. इतर सार्वजनिक जागांसाठी राज्याच्या चित्रपट महामंडळाची, म्हणजे गोरेगावच्या चित्रनगरीवाल्यांची, एक खिडकी योजना आहे. ट्रायपॉड उघडला की कुणीतरी विचारायला येणारच, कागद जवळ असावा.

एडिटच्या टेबलावर

कॅमेरा ८ बिटमध्येच (रंगांच्या मोजक्याच छटांत) रेकॉर्ड करत असेल तर लॉग वापरू नका. जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट आधीच कमी, त्यात लॉग आणखी सपाट करतो, आणि ताणायला गेलात की भिंतीवर पायऱ्या दिसतात. साधं न्यूट्रल प्रोफाइल, शार्पनेस सगळ्यात खाली. १० बिट असेल तर खुशाल लॉग. ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळणी, करताना आधी काळा रंग थोडा खाली ओढा, पण पूर्ण काळा करू नका. राखाडी सावल्यांत जो तपशील राहिलेला असतो त्यासाठीच तर ही लेन्स लावली. मग त्वचेचा रंग. ग्रेन (फिल्मसारखा दाणा) घालायचा तर कमी. नकली फ्लेअर आणि नकली ओरखडे घालणाऱ्यांना जुनी लेन्स घेण्याची गरज नव्हती.

बुरशी

मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला एवढंच हवं असतं. लेन्स ४० ते ५० टक्क्यांत राहिली पाहिजे. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातला मोठा एअरटाइट डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. रंग बदलणारं जेल घ्या. निळ्याचं गुलाबी किंवा नारंगीचं हिरवं झालं की मंद आचेवर जुन्या कढईत परता, रंग परत येतो. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नको. ३० टक्क्यांच्या खालीही नेऊ नका, वंगण आणि रबर सुकतात. जुन्या लेन्सबरोबर येणारी चामड्याची पेटी देखणी असते, पण ओल धरते. लेन्स तिच्यात ठेवू नका. नेफ्थलीनच्या गोळ्याही त्या डब्यात नकोत.

एसी टॅक्सीतून पावसाळी हवेत उतरलात की थंड काचेवर लगेच दव धरतं, कधी आतल्या बाजूनंही. लेन्स झिपच्या पिशवीत बंद ठेवूनच उतरा आणि ती बाहेरच्या हवेइतकी कोमट झाल्यावर पिशवी उघडा. या लेन्सना पाणी अडवणारं रबर नसतं. छत्री कॅमेऱ्यावर धरा, तुम्ही भिजलात तरी वाळाल.

मूर्तिशाळेतून घरी आल्यावर प्लॅस्टर आणि शाडूची पूड लेन्सच्या प्रत्येक खाचेत असते. कपडा लावायचा नाही, त्यानं कोटिंगवर चरे पडतात. लेन्सचं तोंड खाली धरून आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा ब्लोअर, आणि तरीही डाग उरला तरच लेन्स टिश्यूवर एक थेंब क्लीनर घेऊन मधून बाहेर असं गोल पुसायचं. क्लीनर काचेवर थेट टाकला तर तो कडेनं आत झिरपतो. अडॅप्टरची मागची बाजूही झटका, तिथली पूड पुढच्या वेळी सेन्सरवर जाते. आणि मूर्तिशाळेत लेन्स बदलायचीच नाही. दुसऱ्या लेन्सचे शॉट त्याच दिवशी हवे असतील तर आधीच ठरवून बाहेर गाडीत किंवा शेजारच्या दुकानात जाऊन बदला.